रायगड शोधायचा तर कुलाबा लिहा

शोधपेटी : भाग ६

माझे मामा पेणजवळच्या खाडीकाठच्या एका गावचे. निवृत्तीनंतर त्यांनी गावाचा इतिहास लिहायला घेतलाय. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, "अरे, तुझ्या त्या गूगलला काही म्हणजे काही येत नाही." काय विचारलंत, म्हटलं. तर त्यांनी शोधपेटीत अख्खं वाक्य लिहिलं होतं : रायगड जिल्ह्यातल्या मिठागरांचा सव्वाशे वर्षांपूर्वीचा इतिहास सांगा. उत्तरादाखल समोर आला रायगड किल्ला, रोपवेचं तिकीट, राज्याभिषेक सोहळ्याचे फोटो आणि जरा खाली छत्तीसगडमधलं रायगढ.

मामांनी तोंडी विचारतात तसं विचारलं होतं, घोटाळा तिथेच झाला. आपण कळ दाबली की यंत्र जगभर धावत सुटत नाही, हे मागच्या एका भागात आलंच आहे. त्यानं पानं आधीच वाचून ठेवलेली असतात आणि जाडजूड ग्रंथाच्या शेवटी असते तशी सूची केलेली असते : अमुक शब्द, तमुक पानांवर. हल्ली ते समानार्थी शब्द ओळखतं, चुकलेलं स्पेलिंग सावरून घेतं, हे खरं. पण जुन्या कागदांशी गाठ पडली की त्याची ही हुशारी लवकर आटते. म्हणून मी मामांना उलटा प्रश्न केला. तुम्हाला हवं ते ज्यानं लिहून ठेवलंय, त्यानं कुठले शब्द वापरले असतील?

तो लिहिणारा बहुधा इंग्रज सरकारचा अधिकारी. त्याच्या लेखी रायगड नावाचा जिल्हाच नव्हता. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८१ साली, कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. त्याआधीच्या कागदांत रायगड म्हणजे फक्त किल्ला. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड १८८३चा, आणि त्याचं नाव ‘कुलाबा आणि जंजिरा’. तिथे मिठागर हा शब्दही शोधून उपयोग नाही, ‘सॉल्ट वर्क्स’ शोधायला हवं.

मामांनी लगेच देवनागरीत कुलाबा लिहिलं. आता किल्ला गेला, पण मुंबईतला कुलाबा आला, कॉजवेवरच्या खरेदीसकट. नको असलेल्या शब्दाआधी उणे चिन्ह द्यावं, ते शब्दाला चिकटवावं आणि चिन्हाआधी मात्र जागा सोडावी, म्हणजे तो शब्द असलेली पानं गळतात. ही युक्ती मामांना ठाऊक होती. त्यांनी उत्साहानं ‘मुंबई’ वजा केली. आणि तिच्याबरोबर ‘मुंबई इलाखा’ असं लिहिलेली सगळी पानंही वजा झाली, म्हणजे नेमकी हवी होती तीच! उणे हा कोयता आहे. तो चालवायचा तर कॉजवे, हॉटेल, भाडे अशा शब्दांवर चालवा, ज्यांचं आपल्या विषयात काही कामच नाही.

रोमन लिपीत हा गुंता बराच सुटतो. मुंबईतला कुलाबा ‘सी’ने सुरू होतो, जिल्ह्याचा ‘के’ने. दुहेरी अवतरणचिन्हांत ‘के’वाला कुलाबा आणि पुढे ‘डिस्ट्रिक्ट’ असं एकत्र घातलं की यंत्राला ते दोन शब्द त्याच क्रमानं, तसेच शोधावे लागतात. आपल्या वतीनं अंदाज बांधायला वाव उरत नाही. एकट्या पेणच्या वाटेला मात्र जाऊ नका. पेण रोमनमध्ये लिहिलं की ते लेखणी होतं, आणि दुकानदार धावून येतात. शेजारी जंजिरा किंवा अलिबाग बसवा, मग ते गाव होतं.

एवढं करून भागलं नाही, तर दोष आपला नसेलही. हे ग्रंथ स्कॅन केलेले आहेत. छायाचित्रातून अक्षरं ओळखण्याचं काम यंत्रानं केलंय, आणि त्यात गंमत अशी की त्या काळचे संपादक नावातला दीर्घ ‘आ’ दाखवायला ‘ए’ या अक्षरावर बारीक तिरकी रेघ देत. यंत्राला ते रेघवालं अक्षर कित्येकदा ‘डी’ वाटतं. मग कुलाब्याच्या स्पेलिंगमध्ये मध्येच ‘डी’ घुसतो आणि सूचीत तो शब्द भलत्याच नावानं नोंदला जातो. अशा वेळी ज्यात दीर्घ ‘आ’ नाही असा शब्द धरावा. ‘सॉल्ट’ला ही बाधा नाही, पेणलाही नाही. (पेण इथे प्रथमच कामाला आलं.) आधी पुस्तक गाठावं आणि मग त्याच्या पोटात हे छोटे शब्द शोधावेत.

पुस्तक गाठायला एक सोपी वाट आहे : ‘साइट’ हा इंग्रजी शब्द, कोलन, आणि लगेच, मध्ये जागा न सोडता, इंटरनेट अर्काइव्हचा पत्ता. मग शोध तेवढ्याच एका कोठारात चालतो. मराठीतलं हवं असेल तर गॅझेटियरला आपल्या सरकारी मराठीत ‘दर्शनिका’ म्हणतात, तो शब्द टाकून पाहा. तारखेची चाळणी मात्र अशा कामात फसवते. १८८३चं पुस्तक कुणी परवा चढवलं असेल, तर यंत्राच्या दृष्टीनं ते पान परवाचंच.

मामांना अकरावा खंड मिळाला, मिठाची पानंही. खूश होऊन त्यांनी तोच खंड मामींपुढे ठेवला. मामींचं माहेर कर्जत. दुपारभर दोघं शोधत बसले, कर्जतची नोंद काही दिसेना. संध्याकाळी पुन्हा फोन. "मामा, कर्जत १८९१पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं. तुम्ही ठाण्याचे खंड काढा, तेरावा आणि चौदावा."

रात्री मामींचाच फोन आला. नुसतं कर्जत शोधल्यावर त्यांना कुठलंसं दुष्काळी गाव सापडलं होतं आणि माहेरच्या भातशेतीचा कुठे पत्ताच नव्हता. ते कर्जत अहिल्यानगरचं, म्हणजे जुन्या कागदांतल्या अहमदनगरचं.