तुमचा सीटी सध्या कुठे आहे?

परभणीहून मावशीचा फोन आला. आवाज अगदी नॉर्मल, म्हणजे काहीतरी नक्की गडबड! "अगं, खोकला जात नव्हता म्हणून सीटी काढला. फुफ्फुसात सात मिलिमीटरची गाठ आहे म्हणतात. पुण्याला दाखवायचंय."

दोन दिवसांनी आम्ही पुण्यात छातीच्या डॉक्टरांसमोर. त्यांनी स्कॅन पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "जुना सीटी आहे का?"

नसायला काय झालं! एप्रिल २०२१ आठवतोय ना? अर्ध्या महाराष्ट्रानं एचआरसीटी काढला होता. "तुझा स्कोर किती?" हा प्रश्न तेव्हा सीईटीचे मार्क विचारावेत तसा विचारला जायचा. मावशीचा होता पंचवीसपैकी सहा. स्कोर सगळ्यांच्या तोंडपाठ. स्कॅन मात्र कुठे आहे, कुणालाच माहीत नाही.

आणि डॉक्टरांना हवा होता तो स्कॅनच. ही गाठ तेव्हाही तिथं होती आणि तेवढीच होती, तर सहसा काळजीचं कारण नाही. पण तेव्हा नसेल किंवा छोटी असेल, तर पुढच्या तपासण्या, कदाचित सुई घालून तुकडा काढणं. एका जुन्या चित्रावर एवढं सगळं अडलेलं.

सेंटरला फोन केला. "मॅडम, एवढा जुना डेटा नाही ठेवत आम्ही. डिलीट होतो." रिपोर्टच्या कागदावर गाठीचा उल्लेख नव्हता. त्या धामधुमीत सगळ्यांचं लक्ष कोविडवरच होतं. फिल्म सापडली, कपाटामागे. पावसाळ्यांची ओल खाऊन एकमेकींना चिकटलेली. तरी मी ट्यूबलाइटसमोर धरून तिचा फोटो काढला आणि डॉक्टरांना व्हॉट्सअॅप केला. त्यांचं उत्तर आलं, "यावर नाही सांगता येणार."

का नाही? मलाही हे नंतरच कळलं. सीटी म्हणजे शरीराचे ब्रेडच्या स्लाइससारखे काप. एक काप ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा, साधारण अर्धा एमबी. छातीच्या स्कॅनमध्ये असे तीनशे-चारशे काप सहज निघतात. प्रत्येक ठिपक्यामागे एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड शेकड्यांनी वर. एवढ्या छटा डोळ्यांना एकदम दिसतच नाहीत. म्हणून डॉक्टर स्क्रीनवर 'विंडो' बदलत बसतात. फुफ्फुसासाठी एक, हाडांसाठी दुसरी. फिल्मवर त्यातले निवडक काप, ठरावीक विंडोत, पोस्टाच्या तिकिटांसारखे छापलेले. त्याचा मोबाइल फोटो म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स.

खरा माल असतो 'डायकॉम' फाइलमध्ये. पूर्वी प्रत्येक कंपनीचं मशीन आपलीच भाषा बोलायचं. मग अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांची आणि मशीन बनवणाऱ्यांची संघटना एकत्र बसली, १९८५ मध्ये पहिलं स्टँडर्ड आलं आणि १९९३ पासून त्याला डायकॉम हे नाव मिळालं. आज परभणीच्या मशीनची फाइल पुण्यात काय, सिडनीतही उघडते, ती त्यामुळेच. अशा फाइली साठवणारी, शोधून देणारी, पाठवणारी जी यंत्रणा असते, तिला म्हणतात 'पॅक्स'.

मावशीच्या रिपोर्टखाली सही होती दुसऱ्याच शहरातल्या डॉक्टरांची. तिनं त्यांना कधी पाहिलेलं नाही. मशीन आणि टेक्निशियन परभणीत, डोळे दुसरीकडे. यालाच टेलिरेडिओलॉजी म्हणतात. आपल्याकडे ही सुरू झाली कॉल सेंटरच्या जमान्यात आणि त्याच घड्याळावर. येलमध्ये काम केलेले डॉ. अर्जुन कल्याणपूर बंगळुरूला परतले आणि २००२ मध्ये त्यांनी टेलिरेडिओलॉजी सोल्युशन्स काढली. अमेरिकेत रात्री दोन वाजता इमर्जन्सीत आलेल्या पेशंटचा स्कॅन इथं भरदिवसा, ताज्या डोळ्यांनी वाचायचा! पुढे तेच तंत्र आपल्या छोट्या गावांच्या कामी आलं. पुण्यातल्या कृष्णा डायग्नोस्टिक्सच्या हबमध्ये वेगवेगळ्या राज्यांतल्या सरकारी दवाखान्यांचे स्कॅन येतात. जिथं रेडिओलॉजिस्ट राहायलाच तयार नाही, तिथं ही सोय म्हणजे वरदानच.

पण रस्त्यानं चित्रं जातात, तर रस्त्यावर चोरही असणार. डायकॉम फाइलमध्ये नुसतं चित्र नसतं. नाव, जन्मतारीख, कुठल्या सेंटरमध्ये, कधी, सगळं आत लिहिलेलं. हे स्टँडर्ड घडलं तेव्हा हॉस्पिटलचं नेटवर्क हॉस्पिटलच्या भिंतींच्या आतच असायचं. नंतर तेच सर्व्हर इंटरनेटला जोडले गेले आणि पुष्कळ ठिकाणी पासवर्ड लावायचं राहूनच गेलं. ग्रीनबोन या जर्मन कंपनीनं २०१९ मध्ये जगभरचे असे सताड उघडे सर्व्हर मोजले. फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा मोजले, तेव्हा भारतातली १२ कोटींच्या आसपास चित्रं उघड्यावर होती. राज्यांत पहिला नंबर आपला, महाराष्ट्राचा. जवळपास सात कोटी चित्रं! हॅकिंगची गरजच नव्हती, दार लोटायचं फक्त. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला खरा. पण गल्लीतल्या सेंटरवाल्यानं पासवर्ड लावलाय का, हे बघायला दिल्लीहून कुणी येणार आहे का?

म्हणजे गंमत बघा. नको त्याला सगळं दिसतंय आणि मावशीला स्वतःचंच मिळत नाही.

कायद्याची मदत होते, पण अर्धीच. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी दाखल पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं. मावशी दाखल कुठे होती? पाठीवर झोपली, श्वास धरला, दहा मिनिटांत बाहेर.

शेवटी वाचवलं मावसभावानं. त्याच्या लग्नाच्या सीडींच्या डब्यात एक पांढरी सीडी सापडली, वर मार्करनं मावशीचं नाव. घरातल्या एकाही लॅपटॉपला ड्राइव्ह नव्हता. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्याकडे होता. "ताई, यात फोटो दिसत नाहीयेत, नुसत्या विचित्र फाइली आहेत," तो म्हणाला. म्हटलं, त्याच हव्यात. दोन ओरखडे सोडून सगळा फोल्डर निघाला. (तुम्हीही सेंटरवर हेच सांगा. जेपीईजी नको, अख्खा डायकॉम फोल्डर पेनड्राइव्हवर द्या. आणि लिंक दिली तर त्याच दिवशी डाउनलोड करा, त्या लिंका एक्स्पायर होतात.)

डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले. एकच विंडो, एकच काप. २०२१ मध्येही ती तिथंच होती. सात मिलिमीटर.

"पुढच्या वर्षी एकदा बघू," ते म्हणाले. "येताना हा पेनड्राइव्ह आणा."

मावशीनं तो हात पुढे करून मागून घेतला आणि ब्लाउजमधल्या छोट्या पाकिटात, पैशांसोबत ठेवला.