खापरच्या वाटेवरचा वाटाड्या

सकाळी पांडवलेणी, दुपारी द्राक्षमळ्यातल्या वायनरीत चार-पाच प्रकारच्या वाइनची चव, संध्याकाळी गंगापूर धरणाच्या काठावर सूर्यास्त. एका दिवसाची अशी सहल नाशिकमध्ये आता सहज जुळते. २००० च्या सुमारास ‘सुला’ची वायनरी उभी राहिली, २००१ मध्ये राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण आले, आणि वाइन चाखणे हे पर्यटनाचे कारण ठरू लागले. वायनरीतला मार्गदर्शक पाहुण्यांना ठरलेल्या क्रमाने फिरवतो. आधी द्राक्षे चिरडण्याचे यंत्र, मग पोलादी टाक्या, मग ओकची पिंपे, आणि शेवटी पेला: तो धरायचा कसा, हलवायचा कसा, आधी वास, मग घोट. या क्रमामागे विचार आहे. चव घेण्याआधी ती कशी तयार झाली हे पाहिलेले असले, की घोट वेगळा लागतो. पण लेण्यांतला वाटाड्या वाइनबद्दल बोलत नाही, वायनरीतला मार्गदर्शक लेण्यांबद्दल बोलत नाही आणि धरणाच्या काठावर बोलणारे कोणीच नसते. तीन थांबे होतात, त्यांना जोडणारे सूत्र हाती लागत नाही. नंदुरबार जिल्ह्यात खापरहून अशी सहल आखायची असेल, तर तिने नाशिकचा कित्ता गिरवू नये, असे मला वाटते. इथे सूत्र आधी शोधावे लागेल, आणि ते सांगण्याचे काम इथल्याच माणसाच्या हाती द्यावे लागेल.

सूत्र शोधायचे तर सुरुवात नाशिकच्याच भिंतीवरून करता येते. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी आपण काय काय बांधले आणि काय दान दिले, हे त्यात सांगितले आहे. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट नावेची सोय केली आणि दोन्ही तीरांवर विसाव्याची ठिकाणे व पाणपोया उभारल्या, असेही तो नोंदवतो. राजघराण्यातला माणूस आपल्या पुण्याच्या यादीत नाव आणि पाणपोई लिहितो, यावरून त्या काळच्या प्रवासात नदी ओलांडणे केवढी मोठी गोष्ट होती ते कळते. साधारण त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत बॅरिगाझा, म्हणजे भरुकच्छ, म्हणजे आजचे भरूच, या बंदरात येणाऱ्या मालाच्या यादीत पहिले नाव मद्याचे आहे. त्यातही इटलीच्या मद्याला जास्त पसंती असे. तिथून पैठणपर्यंत वीस दिवसांची वाट होती आणि पुढे तगर, म्हणजे तेर. नेवाशाच्या उत्खननात दोन कानांच्या उंच मद्यरांजणांचे तुकडे मिळाले आहेत. म्हणजे भग्नावशेष, मद्य आणि पाण्याचा काठ हे तीनही धागे दोन हजार वर्षांपूर्वी एकाच व्यापारी वाटेवर होते.

त्या पुस्तिकेत आणखी एक तपशील आहे आणि माझ्या मुद्द्याला तो फार महत्त्वाचा वाटतो. नर्मदेच्या मुखाशी प्रवाह आणि भरती इतकी फसवी, की परदेशी तांडेल तिथे चाचपडत. म्हणून राजाच्या सेवेतले स्थानिक कोळी मोठ्या नावा घेऊन पुढे समुद्रात जात, जहाजांना गाठत आणि वाट दाखवत बंदरापर्यंत आणत. माल रोमचा असो की अरबस्तानचा, शेवटचा टप्पा त्या पाण्याला ओळखणाऱ्या माणसाच्या हातीच असे.

खापर हे अक्कलकुवा तालुक्यातले, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरचे बाजाराचे गाव. पश्चिमेला गुजरातची हद्द लागूनच आहे. पूर्वेला त्याच रस्त्याने अक्कलकुवा, तळोदा आणि पुढे प्रकाशा. तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशा ‘दक्षिण काशी’ म्हणून सर्वांना माहीत आहे. मात्र १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तिथल्या टेकाडाचे उत्खनन केले, हे केदारेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. तळाशी ताम्रपाषाणयुगाची वस्ती, म्हणजे रंगीत भांडी आणि दगडी पाती. तिच्यावर लोखंड वापरणाऱ्यांची. त्यावर ऐतिहासिक काळाची. एकाच जागी माणसे पुन्हा पुन्हा का राहिली, याचे उत्तर समोरचा संगम पाहिला की मिळते. ज्याला नुसते अवशेष बघायचे आहेत त्याची इथे निराशा होईल, कारण खांब नाहीत, शिल्पे नाहीत, मातीचा उंचवटा आहे. म्हणूनच इथे सांगणारा लागतो. लेण्यातले शिल्प वाटाड्याशिवायही थोडेफार बोलते, टेकाड अजिबात बोलत नाही.

मद्याचे काय? खापरच्या आसमंतात द्राक्षे नाहीत, मोह आहे. या सहलीत मला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटतो तो मोहाला. होळीच्या सुमारास मोहाची पाने गळतात, फांद्यांच्या टोकांशी कळ्यांचे घोस येतात आणि रात्री उमललेली मांसल, फिकट पिवळसर फुले पहाटे टपटप खाली पडतात. झाडाखालची जागा आधी झाडून स्वच्छ करावी लागते. काही ठिकाणी पालापाचोळा पेटवून ती मोकळी करतात आणि त्यातून वणवे लागतात, म्हणून झाडणे केव्हाही बरे. वेचणी मुख्यतः बायका-मुलांची. ऊन चढायच्या आणि गुरे पोहोचायच्या आत टोपली भरली पाहिजे. वाकून, एकेक फूल उचलून. फुले अंगणात वाळवली की तीन-चार दिवसांत तांबूस-तपकिरी होऊन मनुकांसारखी आक्रसतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. त्यामुळे हे फूल आधी अन्न आहे, मग दारू. टंचाईच्या दिवसांत भाजून, उकडून, पिठात मिसळून ते खाल्ले गेले आहे, आणि बियांचे तेल स्वयंपाकात आणि दिव्यात वापरले गेले आहे.

दारूसाठी वाळलेली फुले मडक्यात पाण्यात भिजवतात. फुलावरच असलेले किण्व आपसूक काम सुरू करते. हवेतल्या उष्म्याप्रमाणे चार ते सात दिवस लागतात. फेस बसला, बुडबुडे थांबले आणि आंबट-गोड वास बदलला, की भांडे चुलीवर चढते. तोंड मातीने लिंपून बंद करायचे, वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात न्यायची आणि ते भांडे थंड पाण्यात ठेवायचे. सगळे कसब विस्तवात आहे. जाळ मोठा झाला तर आंबवण करपते आणि धुरकट वास शेवटपर्यंत जात नाही. मंद झाला तर धार तुटते. थंड करणारे पाणी तापले की बदलायचे. पहिल्या धारेची सर्वांत कडक, पुढची उतरत जाते. कुठे थांबायचे, हे करणारी व्यक्ती चव घेऊन किंवा थेंब विस्तवावर टाकून ठरवते. यात यंत्र नाही, लिहिलेले माप नाही, पण नियम पक्के आहेत. वायनरीतल्या तापमापकाला आपण जो मान देतो तोच या हाताला द्यायला हवा. आणि पिण्याआधी पूर्वजांच्या आणि देवांच्या नावाने जमिनीवर धार सोडली जाते. खापरपासून जवळच, हद्दीपलीकडे सागबारा तालुक्यात देवमोगऱ्याला याहामोगी मातेची महाशिवरात्रीची यात्रा भरते, तिथे मोहाची दारू नैवेद्य म्हणून येते. आणि गुजरात हे राज्य स्थापनेपासून दारूबंदीचे. इतकी ही धार श्रद्धेत खोल गेलेली आहे.

इथे सर्वांत जड आक्षेप उभा राहतो. दारूने आदिवासी घरे उद्ध्वस्त केली, आणि तिला पर्यटनाचे आकर्षण करता? हा आक्षेप बाहेरच्या सोवळ्या माणसांचा असता तर बाजूला ठेवता आला असता. तो इथल्याच मातीतला आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोदा भागात गुला महाराजांनी हजारो भिल्लांना दारू सोडायला लावली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्याच्या आदिवासी शेतमजुरांच्या चळवळीत, तिचे नेते अंबरसिंग सुरतवंतींच्या काळात, आदिवासी बायकांनी गावोगावी दारूचे गुत्ते गाठून मडकी फोडली. त्या बायका मोहाच्या झाडावर रागावल्या नव्हत्या. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाते, घरी मारहाण होते आणि गुत्त्याचा मालक सावकाराशी, सालदार ठेवणाऱ्याशी जोडलेला असतो, हे त्यांना दिसत होते. हा इतिहास सहलीतून वगळला तर ती खोटी ठरेल. तो सांगितला, तर घोट आणि गुत्ता यांतला फरक पाहुण्याला कळेल. सणाला, लग्नाला, मर्तिकाला घरी गाळलेली मोहाची दारू वेगळी, आणि गूळ-नवसागराची, नफ्यासाठी रोज विकली जाणारी वेगळी. तरीही मी या आक्षेपाला अर्ध्यावर सोडणार नाही. ज्या गावच्या बायका ग्रामसभेत नको म्हणतील, तिथे चव घेण्याचा थांबा नको. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिलेला आहे, तो सहलीच्या आयोजकाच्या सोयीसाठी वाकवायचा नसतो. अशा गावी वेचणी बघावी, वाळलेली फुले चाखावीत, मोहाचे लाडू खावेत. सहल त्याने उणी होत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि त्यात तथ्य आहे. घरी दारू गाळणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणून आज कोणी पाहुण्यांना पाड्यावर नेऊन पैसे घेऊन दारू पाजत असेल, तर पोलिसांचा धोका तो स्वतः घेत नाही, गाळणाऱ्या बाईवर टाकतो. हे मला अमान्य आहे. पण हा कायदा कोठून आला हेही पाहिले पाहिजे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळण्याचा हक्क ठेकेदारांकडे एकवटत गेला, आणि १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवर नियंत्रण आणणारा वेगळा कायदा झाला. सरकारी महसुलासाठी फूल वेचणाऱ्याचा हात फुलापासून तोडला गेला. आज शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य मानून आदिवासी गटांना परवाने देण्याचे धोरण आणले आहे आणि नर्मदेपलीकडच्या अलीराजपुरात असे उत्पादन सुरूही झाले. गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. महाराष्ट्राने द्राक्षाच्या वाइनला २००१ मध्ये जी धोरणाची वाट दिली, ती मोहाला का देऊ नये, याचे पटणारे उत्तर मला मिळालेले नाही. ती मिळेपर्यंत खापरच्या सहलीत प्रक्रिया सांगावी, फूल चाखावे, दारू विकू नये.

राहिला पाण्याचा काठ. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीकडे गेले की सातपुड्यापलीकडे नर्मदा आहे, पण आता ती वाहत नाही, थांबलेली आहे. सरदार सरोवराची भिंत १३८.६८ मीटरची झाली, २०१७ मध्ये तिचे लोकार्पण झाले. महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ३३ गावे बुडिताखाली आली. त्यातले पहिले मणिबेली. तिथे लोक धरणाला विरोध करत पाण्यात उभे राहिले, आणि १९९४ मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये असे सांगणाऱ्या जाहीरनाम्याला जगभरच्या संघटनांनी त्याच गावाचे नाव दिले. मणिबेलीजवळचे जुने शूलपाणेश्वराचे मंदिरही पाण्याखाली गेले. गुजरातेत गोरा येथे नवे बांधले. म्हणजे या ठिकाणी भग्नावशेष आणि पाण्याचा काठ वेगळे राहिलेच नाहीत. धरणाच्या खालच्या अंगाला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा पाहायला येणाऱ्यांपुढे एक नर्मदा असते, आणि वरच्या अंगाला टापूंवर उरलेल्या कुटुंबांपुढे दुसरी. हा निळा, शांत जलाशय खरोखर सुंदर दिसतो. नुसती होडी फिरवून आणणारा बाहेरचा माणूस तेवढेच दाखवील. ज्याचे शेत खाली आहे तो होडी थांबवून सांगेल की इथे घाट होता, तिथे आंब्याची झाडे होती, या डोंगराच्या कडेने पायवाट जायची.

मग हे दुःखाचे प्रदर्शन नव्हे का? माझ्या मते फरक दोन गोष्टींनी पडतो: बोलणारा कोण आणि पैसा कोणाच्या हाती. बुडालेल्या गावाबद्दल पगारी निवेदकाने बोलणे हे प्रदर्शन आहे. त्याच गावच्या माणसाने, काय सांगायचे आणि काय नाही हे स्वतः ठरवून, आपल्या होडीचे भाडे घेऊन बोलणे हे काम आहे, आणि त्या कामाला मोबदला आहे. पुनर्वसन झालेली बरीच कुटुंबे आज तळोद्याजवळ सोमावल, रोझवा अशा वसाहतींत राहतात, म्हणजे खापर ते प्रकाशा या रस्त्याच्या आसपासच. तिथली तरुण मुले वाटाडे झाली तर टेकाड, मोह आणि पाणी यांना जोडणारे सूत्र वेगळे शोधावे लागणार नाही. काठावरून उठून नवी वस्ती करणे म्हणजे काय, हे प्रकाशाच्या थरांसमोर उभे राहून त्यांच्याइतके कोण सांगू शकेल?

एका दिवसात मात्र हे सगळे बसत नाही, आणि बसवू नये. प्रकाशा पूर्वेला सपाटीवर, जलाशय उत्तरेला घाटापलीकडे. मोहाची वेचणी पहाटे, तीही होळी ते एप्रिल एवढ्याच काळात. पाहुण्याने पहाट मोहाखाली काढावी आणि मग दोन्हींपैकी एक वाट धरावी. पावसाळ्यात घाट आणि पाणी दोन्ही टाळावेत. होडीत मोजकी माणसे आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट, यात तडजोड नको. २०१९ च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात भूषा इथे माणसांनी भरलेली नाव उलटली आणि त्यात मुलेही दगावली. उषवदाताने तापीवर फुकट नाव दिली. आजच्या शासनाने निदान या होड्यांना जॅकेट, वेळेवर तपासणी आणि नावाड्याला प्रशिक्षण द्यावे. काठावर सावलीची जागा आणि पिण्याचे पाणी हवे. त्याचा उपयोग पाहुण्यांना होईलच, पण त्याहून जास्त होईल तो टापूवरून आठवड्याच्या बाजाराला, दवाखान्याला, शाळेला याच होड्यांतून येणाऱ्या माणसांना.