झाकलेल्या बाटलीचा न्याय

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमधील एका हॉटेलात नऊ फ्रेंच परीक्षक वाईन चाखावयास बसले. त्यांत नामांकित उपाहारगृहांचे चालक होते, मद्यविषयक नियतकालिकाच्या संपादिका होत्या, दर्जा ठरविणाऱ्या सरकारी संस्थेचे अधिकारीही होते. स्टीव्हन स्परियर या इंग्रज दुकानदाराने हा कार्यक्रम योजिला होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने कॅलिफोर्नियाच्या वाईनची थोडी ओळख व्हावी, एवढाच त्याचा हेतू. मात्र कोणती वाईन कोठली, हे त्याने परीक्षकांना कळू दिले नाही. निकाल लागला तेव्हा पांढऱ्या वाईनमध्ये कॅलिफोर्नियाची शातो मोंतेलेना आणि तांबड्या वाईनमध्ये तेथलीच स्टॅग्ज लीप पहिली आली होती. बोर्दोची विख्यात मूतों रॉथशिल्ड दुसरी ठरली. संपादिकाबाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली म्हणतात!

गुणांतील फरक किरकोळ होते आणि त्या निकालावर पुढे पुष्कळ वाद झाला, हे खरेच. परंतु बोर्दोची जी श्रेणी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी ठरली, ती तेथील दलालांनी मुख्यतः बाजारभावावरून ठरविली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे १९७६ च्या त्या दुपारचे महत्त्व कळते. भावावरून गुण ठरविण्याची चाल एक दिवसापुरती बंद पडली. डोळे जिभेला किती फसवितात याचा एक दाखला तर खुद्द बोर्दोतला आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन तांबडा रंग घालून दिली गेली, आणि त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाईनला शोभणाऱ्या शब्दांत केले.

हा परक्या मुलखाचा इतिहास येथे उगाळण्याचे कारण नाशिक. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूर आणि पलूस येथे वाईन उद्यानांची योजना झाली. त्यानंतर या विषयावर आपल्याकडे जो वाद सर्वांत गाजला, तो २७ जानेवारी २०२२ च्या मंत्रिमंडळ निर्णयाचा. मोठ्या दुकानांतून वाईन विकू द्यावी की नाही, यावरून वाईन ही दारू आहे की नाही, असा शास्त्रार्थ सुरू झाला. तिच्यात शेकडा बारा-तेरा भाग मद्यार्क असतो. तेव्हा ती दारू आहे, आणि तिला औषधाचा मुखवटा चढविण्याचे काहीच कारण नाही. पण त्या सगळ्या कोलाहलात, आपली वाईन चांगली आहे काय, हा प्रश्न मात्र कोणाला सुचला नाही.

हा प्रश्न केवळ शौकिनांचा नव्हे. त्याचे मूळ द्राक्षबागेत आहे. खाण्याच्या द्राक्षाला मणी मोठा हवा असतो, म्हणून बागाईतदार थॉमसनच्या घडांना जिबरेलिक आम्ल देतो. वाईनच्या द्राक्षाचे गणित नेमके उलटे. मणी लहान असला की रसाच्या मानाने साल अधिक मिळते, आणि तांबड्या वाईनचा रंग व तुरटपणा सालीतूनच उतरतो. चांगल्या वाईनसाठी वेलीवर घड मोजकेच ठेवावे लागतात. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी असे दोन खर्च सोसून बागाईतदाराने पीक मुद्दाम कमी घ्यायचे, आणि मोबदला मात्र निव्वळ वजनावर मिळवायचा, हा व्यवहार त्याने का पत्करावा? गुणाला अधिक दाम मिळायचा, तर गुण ओळखणारे गिऱ्हाईक हवे. २००८ च्या मंदीनंतर मागणी आटली तेव्हा नाशिकच्या अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या जातींचे वेल उपटून टाकले. त्या पडत्या काळात अमुक बागेची वाईन हवीच, असे म्हणणारे जाणकार गिऱ्हाईक त्यांच्या पाठीशी पुरेसे नव्हते.

असे गिऱ्हाईक हौशी मंडळींतून घडते. मुंबई-पुण्याकडे चार रसिक जमून वाईन चाखतात, मते मांडतात, ही चांगली गोष्ट आहे. अडचण अशी की पुष्कळदा यजमान विक्रेताच असतो, आणि त्याच्या घरचे मीठ खाल्ल्यावर जीभ सौजन्याने वागू लागते. मग ‘फळांचा सुगंध’, ‘मखमली स्पर्श’ असे आयते शब्द झडतात; ‘ही बिघडली आहे’ एवढे साधे वाक्य कोणी उच्चारीत नाही. बिघडण्यास तर आपल्या हवेत कारणे भरपूर. एप्रिल-मेच्या उन्हात दुकानाच्या दर्शनी फळीवर उभी असलेली बाटली, कितीही मानाची असो, घेऊ नये. शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिनाँ ब्लाँ या जातींची आपल्याकडील पांढरी वाईन घेताना द्राक्षतोडणीचे साल पाहावे आणि शक्यतो अलीकडचे घ्यावे. सर्वच वाईन जुनी होऊन सुधारते हा भ्रम आहे. फिरकीचे झाकण दिसले म्हणून नाक मुरडू नये. बूच सदोष निघाले की वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, तो धोका या झाकणात बहुतांशी टळतो. आणि गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी गोड वाईन कोणाला आवडत असेल तर त्याने ती खुशाल प्यावी. मात्र ज्या पोर्तुगीज पोर्टमध्ये द्राक्षाचा अर्क घालून आंबणे मध्येच थांबवितात, तिच्याशी हिचे नाते बहुधा नावापुरतेच आहे, हे जाणून प्यावी.

ज्यांना ही परीक्षा घरी करावयाची असेल त्यांनी पाच-सहा बाटल्या घ्याव्यात, त्यांत एखादी परदेशी आणि एखादी अगदी स्वस्त असावी, सर्वांना वर्तमानपत्र गुंडाळून क्रमांक द्यावेत, आणि प्रत्येकाने आपले मत बोलण्याआधी लिहून ठेवावे. गुंडाळण्यासाठी हेच पान वापरले तरी प्रस्तुत लेखकाची हरकत नाही.