हॉलमधला अबोल संगणक

पिंपरी पेंढारमधल्या घरात, हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवायला शांत संगणक जुळवायचा, तर आधी कॅबिनेट नीट निवडावी. हे गाव ज्या जुन्नर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 अँटेना अवकाशातल्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपतात. संगणकही चालताना अशा लहरी बाहेर टाकतो. धातूची कॅबिनेट त्या बऱ्याच अंशी अडवते. काचेची बाजू मात्र अडवत नाही. दुर्बिणीला त्रास नको म्हणून या परिसरात तरी धातूचीच कॅबिनेट घ्यावी.

कानाला जाणवणारा आवाज मुख्यतः पंख्यांचा. मोठा पंखा सावकाश फिरूनही पुरेशी हवा ढकलतो, लहान पंख्याला त्यासाठी जोरात फिरावं लागतं. म्हणून आकार आटोपशीर असला, तरी 120 मिलिमीटरचा पंखा बसेल अशी कॅबिनेट शोधावी. दर्शनी भाग धातूच्या जाळीचा हवा. चारी बाजूंनी बंद डबा दुकानात शांत वाटतो. पण जुन्नरच्या उन्हाळ्यात तो तापतो आणि पंखे घोंघावू लागतात.

टीव्हीशेजारी मावण्यासाठी 17 सेंटिमीटर बाजूचा चौरस मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड सोयीचा. कॅबिनेटमध्ये प्रोसेसरचा कूलर किती उंचीचा बसतो, ते खरेदीआधी बघावं. फिरत्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी घेतली की डिस्कची घरघर आपोआप संपते.

गाव कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर असल्याने धूळ आलीच. धूळ अडवणारी, सुटी होणारी, धुता येणारी जाळी इथे चैनीची नव्हे, गरजेची वस्तू आहे. ती नीट वाळवूनच परत बसवावी.