दुर्गाडीच्या जत्रेतला पाळणा

नवरात्रात कल्याणला दुर्गाडी किल्ल्यापाशी जत्रा भरते. लहानपणी तेथील हाताने फिरवायच्या लाकडी पाळण्यात बसलो की खाली येताना पोटात गोळा येई. त्याचे कारण आम्हा कलाशाखेच्या मुलांनाही कळेल इतके सोपे आहे. पाळणा झपकन खाली येऊ लागला की बैठकीचा आधार कमी होतो आणि शरीर क्षणभर हलके वाटते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडमधील १९२७ सालचा ‘सायक्लोन’ हा लाकडी रोलर कोस्टर आजही याच तत्त्वावर माणसांना किंचाळायला लावतो.

मग विजेच्या उंच पाळण्यात उणे काय? खाली बटण दाबणाऱ्याला वरच्या मुलाचा चेहरा दिसत नाही. मी रडवेला झालो की आमचा पाळणेवाला हसून हात आखडता घेई. त्या हाताच्या भरवशावरच मी पुन्हा पाळण्यात बसत असे.