लवकर पिकणारे झाड निवडताना

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने ह्या व्यासपीठावरून फळझाडांविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. कारण अगदी घरगुती आहे. माझा भाचा इंग्लंडात लेस्टर येथे एका गोदामात पाळीने काम करतो. त्याने तेथे बागेसाठी जमिनीचा एक तुकडा भाड्याने घेतला आणि मला विचारले, "मामा, लवकर पिकणारे आलुबुखाराचे झाड लावायचे आहे, कोणते लावू?" शाळेची पायरी माझी लहानपणीच सुटली, वाचनालयाची मात्र सुटली नाही. वाचून आणि विचारून जे हाती आले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या पुणे-सोलापूरकडच्या हवेत युरोपी आलुबुखार फळत नाही. त्याला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडी लागते. तिकडे थंडीची वाण नाही, जागेची आहे. १९०८ च्या कायद्याने तेथील स्थानिक संस्थांवर लोकांना असे तुकडे पुरविण्याची जबाबदारी टाकली. पूर्ण तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा धरतात. त्यात बटाटे, कांदे, घेवडा लावल्यावर मोठे झाड एखादेच बसते. ते फळावर येईपर्यंत तीन-चार वर्षे जातात. निवड चुकली, तर ही वर्षे कोणी भरून देत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे लवकर पिकणारे झाड लवकर फुलणारे असतेच असे नाही. आंब्याचा मोहोर आधी आला म्हणून आंबा हाती लागतोच असे नाही, हे आपण जाणतो. मध्येच अवकाळी पाऊस येतो. तिकडे मार्च-एप्रिलच्या रात्री दंव गोठते आणि उमललेले फूल जळते. तेव्हा फुलायला घाई न करणारे, पण पिकायला वेळ न लावणारे झाड पाहिजे. 'व्हिक्टोरिया' ही तिकडची सर्वांच्या ओळखीची जात ऑगस्टच्या अखेरीस पिकते. स्वीडनमधील आल्नार्प येथे तयार झालेली 'ओपल' तिच्याच सुमारास फुलते, पण जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या आरंभी पिकते. 'झार' ही इंग्लंडातील जुनी जातही ऑगस्टच्या पूर्वार्धात येते. तिचा मोहोर दंवाला बऱ्यापैकी टिकतो, मात्र फळ शिजवून खाण्यास अधिक चांगले.

दुसरी गोष्ट परागाची. काही जातींना शेजारी दुसऱ्या जातीचे झाड असल्याखेरीज फळ धरत नाही. एकच झाड लावणाऱ्याने स्वतःच्या परागावर फळणारी जात घ्यावी. 'ओपल' आणि 'झार' दोन्ही तशा आहेत.

तिसरी गोष्ट खुंटाची. झाड किती वाढेल हे मुख्यतः कलम ज्या खुंटावर बांधले त्यावर ठरते. 'सेंट ज्युलियन ए' ह्या खुंटावर झाड सुमारे चार मीटर वाढते. 'पिक्सी'वर ते अडीच-तीन मीटरवर थांबते, पण त्याला जमीन सकस लागते. उघड्या मुळांचे कलम नोव्हेंबर ते मार्च ह्या काळात लावावे. छाटणी मात्र हिवाळ्यात करू नये. ओल्या थंडीत जखमेतून रुपेरी पानांच्या रोगाची बुरशी शिरते. म्हणून कात्री जून ते ऑगस्टमध्येच चालवावी.

हे सारे सांगून झाल्यावर मी त्याला युनियनवाल्याचे दोन प्रश्न विचारले. "झाड लावण्याची परवानगी लेखी घेतलीस का?" घेतली नव्हती. भाड्याच्या जमिनीवर तोंडी होकाराला किती किंमत असते, हे मी चाळींच्या भांडणांत पुष्कळ पाहिले आहे. त्याने आधी कागद केला.

दुसरा प्रश्न, "फळ पिकेल तेव्हा घरी कोण असेल?" यावर तो गप्प झाला. मुलांच्या शाळेला सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, आणि एक वर्षाआड तेव्हाच तो आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, भेटायला सोलापूरला येतो. झाड आमचे आणि फळ गांधीलमाश्यांचे, असा तो प्रकार! मी म्हणालो, "मग उशिरा पिकणारी 'व्हिक्टोरिया'च घे." पण त्याचेही म्हणणे रास्त होते. ऑगस्टअखेर तेथे घरोघरी आलुबुखाराच्या टोपल्या भरलेल्या असतात, आणि गांधीलमाश्यांचा सुळसुळाटही तेव्हाच वाढतो. त्याआधी पिकलेले फळ मुलांच्या तोंडी लागते.

शेवटी 'सेंट ज्युलियन ए' खुंटावरचे 'ओपल' लागले. शेजारच्या तुकड्यावर एक निवृत्त बसचालक आहेत. भाचा येथे असेल त्या वर्षी फळ त्यांनी उतरवायचे, निम्मे ठेवायचे आणि निम्म्याचा मुरंबा करून परत द्यायचा, असे दोघांत ठरले आहे. हा करार मात्र तोंडी आहे, आणि येथे कागद मागावा असे मलाही वाटले नाही.

झाडाला आता दुसरे वर्ष आहे. फळ अजून धरलेले नाही. धरले की बहीण त्या मुरंब्याची बरणी घेऊन आपल्याला दाखवायला येईल, अशी तिची धमकी आहे.