घरच्या शाळेचं एक वर्ष: आराखडा नेमका कशाला म्हणायचं?

पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: "तुमचा संशोधन आराखडा सांगा." आणि हमखास दिलं जाणारं उत्तर म्हणजे वेळापत्रक. पहिले सहा महिने संदर्भ साहित्याचा आढावा, मग माहिती संकलन, मग विश्लेषण, मग लेखन. हे सगळं करावं लागतंच, पण यात आराखडा कुठे आला? आपल्याला जे कळून घ्यायचंय ते कशावरून कळणार आणि चुकीचं कळलं तर ते कसं लक्षात येणार, हे ज्यात लिहिलेलं असतं तो आराखडा.

हा फरक सांगायला मी आज शिक्षणशास्त्रातलंच, पण जरा आडवाटेचं उदाहरण घेते. समजा, एका घरानं आठ वर्षांच्या मुलीला एक वर्ष घरीच शिकवायचं ठरवलंय. तिसरीचं वय. 15 जूनला सुरुवात, 30 एप्रिलला शेवट. या वर्षाचं नियोजन करून द्या, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर कुठून सुरुवात कराल?

आधी कायद्याचं थोडक्यात, कारण हा प्रश्न येणारच. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे कलम 10 नुसार पालकांचं कर्तव्य आहे, पण ते न पाळल्यास शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवण्याबद्दल कायद्यात वेगळी तरतूदच नाही. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे अ, ब, क स्तर चालवते. बरीच घरं त्या आधारानं चालतात.

आता नियोजन. बहुतेक पालक पहिल्याच दिवशी शाळेचं वेळापत्रक घरात आणतात. आठ ते पावणेनऊ मराठी, मग गणित, मग मधली सुट्टी. हे म्हणजे दुसऱ्याचा सिनॉप्सिस घेऊन त्यातला फक्त तालुका बदलण्यासारखं झालं. शाळेतला तास एवढा आखूड का असतो? कारण एकाच शिक्षकाला अनेक वर्गांवर जायचं असतं. ती शाळेची अडचण, तुमच्या मुलीची नव्हे. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास सांगितलेत, म्हणजे दिवसाला चार तास. पण तो हिशेब भरलेल्या वर्गाचा आहे. एका मुलीसमोर एक मोठं माणूस बसलेलं असताना रोज दोन तास नीट झाले तरी मी समाधानी राहीन. बाकीचा दिवस भाजी निवडणं, मैदान, वाचन आणि दुसरी मुलं. हे शेवटचं वहीत मुद्दाम लिहून ठेवा, नाहीतर ते घडतच नाही.

तर पहिले तीन आठवडे शिकवायचंच नाही. फक्त बघायचं. संशोधनाच्या भाषेत ही पूर्वचाचणी. त्यासाठी तिमाही परीक्षेसारखा पेपर काढायची गरज नाही. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी 2005 पासून चालू आहे आणि तिची साधनं मराठीतही मिळतात. वाचनात अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

पण इथे थांबून एक विचार करा. मुलीनं जूनमध्येच गोष्ट घडाघडा वाचली तर? ती सगळ्यात वरच्या पायरीवर पोचली. एप्रिलमध्येही ती तिथेच असणार. मग वर्षभर काही शिकलीच नाही, असा निष्कर्ष काढाल? साधन तिथवरच मोजतं, त्याच्या पुढे मोजायला त्याच्याकडे पट्टीच नाही. पुस्तकात याला छत परिणाम म्हणतात आणि नेटच्या परीक्षेसाठी तुम्ही ती व्याख्या पाठही केली असेल. अशा मुलीसाठी दुसरं मोजमाप शोधावं लागेल: अनोळखी परिच्छेद वाचून तिनं स्वतःच्या शब्दांत काय सांगितलं, ते जसंच्या तसं लिहून ठेवायचं.

चाचणी हातात असूनही अर्थ लावताना घोळ कसा होतो, त्याचं माझं आवडतं उदाहरण मराठी संख्यांचं आहे. तुम्ही 'पस्तीस' म्हणालात आणि मुलीनं 53 लिहिलं. पटकन वाटतं, स्थानिक किंमत कळलेली नाही, चला दशक-एकक पुन्हा शिकवू. पण शब्द नीट ऐका. 'पस्तीस'मध्ये पाच आधी ऐकू येतात, तीस नंतर. मुलीनं कदाचित ऐकलं तसंच डावीकडून उजवीकडे लिहिलं असेल. म्हणजे एकाच चुकीची दोन स्पष्टीकरणं झाली, आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा.

मग ठरवायचं कसं? आईस्क्रीमच्या काड्या घ्या. दहा-दहाचे तीन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवा, तोंडानं काही बोलू नका आणि संख्या लिहायला सांगा. गठ्ठे बघून 35 लिहिलं आणि ऐकून मात्र 53, तर स्थानिक किंमत ठीक आहे, अडचण संख्येच्या नावात आहे. दोन्हीकडे 53 आलं तर मात्र दशकाकडे जा. एकदाच करून भागणार नाही, आठ-दहा वेगवेगळ्या संख्या घ्या, त्यात 'एकोणतीस'सारख्या दोन-तीन मुद्दाम घाला. तिथे वेगळीच गंमत असते, कारण नावात तीस आहे आणि संख्या विसातली. तिनं 39 लिहिलं तर त्याचंही कारण वहीत नोंदवा.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. त्या वादात कोण बरोबर, यात मी इथे शिरत नाही. पण घरी आजी 'सत्त्याहत्तर' म्हणते आणि पुस्तक 'सत्तर सात' म्हणतं, हा तुमच्या आराखड्यातला एक चल आहे, तो लिहून ठेवायला हवा. गाइड जेव्हा 'पर्यायी स्पष्टीकरणाचा विचार केलात का?' असं विचारतात, तेव्हा त्यांना या काड्यांसारखं काहीतरी अपेक्षित असतं.

आता दिवस मोजू. 15 जून ते 30 एप्रिल म्हणजे साधारण 45 आठवडे. त्यातले तीन पूर्वचाचणीचे. गणपतीचे दोन, दिवाळीचे दोन, आजारपण आणि लग्नकार्यं मिळून आणखी दोन धरा. उरले 36. यातला दर सहावा आठवडा रिकामा ठेवा, म्हणजे नवीन काही नाही, फक्त मागचं. नवीन शिकवायला 30 आठवडे मिळाले. हा आकडा बघून पालक दचकतात. पण विस्मरणाचा अभ्यास एबिंगहाउसनं 1885 मध्ये छापला तेव्हापासून एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली आहे: तेवढाच सराव एका दमात करण्यापेक्षा अंतरानं केला तर जास्त टिकतो. म्हणून गुणाकार जुलैमध्ये 'संपवायचा' नाही. जुलैमध्ये सुरू, ऑगस्टमध्ये पुन्हा, दिवाळीनंतर पुन्हा, जानेवारीत पुन्हा. पाठ्यपुस्तक धड्यामागून धडा जातं, तुमची वही मागेपुढे जाईल.

वहीत तीन रकाने आखा. काय ठरवलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, मुलीला काय आलं. टिम्ससारख्या आंतरराष्ट्रीय अभ्यासांतही अभ्यासक्रमाचे असेच तीन स्तर धरतात: अपेक्षित, अंमलात आलेला आणि साध्य झालेला. बहुतेक घरांत पहिला रकाना सुवाच्य अक्षरात भरलेला असतो, दुसरा ऑगस्टपर्यंत जातो आणि तिसरा कोराच राहतो. (सहामाही प्रगती अहवालांचंही तेच होतं, पण ते जाऊ दे.)

एवढं नियोजन करून उपयोग होतो का? इथे वाचताना जपून. अमेरिकेतला लॉरेन्स रुडनर यांचा 1999 चा अभ्यास सगळीकडे सांगितला जातो: घरी शिकणारी 20,760 मुलं, गुण सरासरीपेक्षा बरेच वर. पण ही मुलं एकाच चाचणी सेवेकडे पालकांनी आपणहून नोंदवलेली होती. ज्यांनी नोंदवलं नाही त्यांचं काय झालं, ते त्यात नाही. घरी शिकवणं शाळेपेक्षा सरस ठरतं असा अर्थ काढू नका, हे रुडनर यांनीच बजावलं होतं. सांगणारे नेमकं तेवढं वगळतात.

आपल्या प्रश्नाच्या जास्त जवळ जाणारा अभ्यास कॅनडातला आहे, सँड्रा मार्टिन-चँग आणि सहकाऱ्यांचा, 2011 चा. 5 ते 10 वर्षांची 37 मुलं घरी शिकणारी आणि 37 शाळेत जाणारी. घरच्यांपैकी 25 मुलांचं शिक्षण आखीवरेखीव होतं, 12 मुलांचं तसं नव्हतं. आखीव गट शाळेतल्या मुलांच्या पुढे गेला आणि 12 जणांचा गट सगळ्यांत मागे पडला. म्हणजे 'घर की शाळा' या एका प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न लपलेला होता. हे फार मोलाचं आहे. तरी 12 हा आकडा विसरू नका. आणि ज्या घरात वही आखली जाते त्या घरात वेळ, पुस्तकं, शिकलेले आईवडील हेही जास्त असण्याची शक्यता आहे. श्रेय वहीला किती द्यायचं, हे या आकड्यांवरून ठरत नाही.

एक अडचण तुम्हाला घरशिक्षणातच ठळक दिसेल. संशोधनात निकाल बघून गृहीतक बदलणं ही लबाडी. घरी मात्र मुलगी रडकुंडीला आली असताना 'आराखड्यात असंच आहे' म्हणून भागाकार रेटणं हा तिच्यावर अन्याय. तिचं आठवं वर्ष परत येणार नाही आणि तिच्या शेजारी दुसरी तशीच मुलगी नियंत्रित गट म्हणून बसलेली नाही. मार्ग एकच आहे, बदल करा, पण तारीख आणि कारण लिहून. जुनी ओळ खोडायची नाही, तिच्याखाली नवी लिहायची.

आणि थांबायचं कधी, ते जूनमध्येच लिहून ठेवा. दिवाळीपर्यंत अमुक पायरी हलली नाही, किंवा मुलगी सलग महिनाभर दुसऱ्या मुलांसाठी झुरते आहे असं दिसलं, तर शाळेत परत. वाट बंद नसते. कलम 4 नुसार मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. निकष आधी लिहिला नसेल तर नोव्हेंबरमध्ये कुणालाच तो सुचत नाही. तेव्हा दोन बाजू पडलेल्या असतात, आणि ज्याने घरी शिकवायचा हट्ट धरला होता तो शेवटपर्यंत धरून बसतो.

राहिली एप्रिलमधली चाचणी. ती आईनं किंवा बाबांनी घेऊ नये. वर्षभर राबलेलं माणूस नकळत भुवई उंचावतं, ओठ हलवतं, 'नीट बघ हं' म्हणतं, आणि मुलीला उत्तर कळतं. शेजारच्या काकूंना सांगा, जूनमधला निकाल त्यांना दाखवू नका. गोष्ट त्याच पातळीची पण दुसरी, वजाबाकी त्याच प्रकारची पण आकडे वेगळे. आणि काड्यांचे गठ्ठे त्यांच्याकडे द्यायला विसरू नका.